बोनकोड्याचा थेंब

नवी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करवून घेणाऱ्या गाईडने बोनकोड्याच्या हिराजी मढवींना फसवलं. त्यांच्या आधी सत्तावीस वर्षांपूर्वी त्याच हिराजींना मी फसवलं होतं. माझं मी त्यांच्या तोंडावर कबूल करून आलो. गाईडसाहेबांचं राहिलं आहे.

आमच्याकडचे लोक नवी मुंबईला जातात ते मुलाच्या फ्लॅटवर, आणि परत आले की मॉलचं आणि रुंद रस्त्यांचं सांगतात. मी चार दिवस गेलो तो एका मुलीची पीएचडीची तोंडी परीक्षा बघायला. मी स्वतः आयटीआय अर्ध्यात सोडलेला माणूस. कोल्हापूरजवळ माझी ॲल्युमिनियमची फाउंड्री आहे. लोखंडी डायमध्ये, म्हणजे साच्यात, वितळलेलं मेटल ओतून पंपाचे भाग काढतो. वडिलांनी मागे काही ठेवलं नव्हतं. जे आहे ते मी भांडून, घासाघीस करून, लोकांच्या दारात बसून उभं केलं. असा माणूस पीएचडीच्या परीक्षेला का गेला, ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

विशीत असताना मी पावण्याच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत होतो. हिराजी मढवी तिथले भट्टीवरचे मुख्य. या कामात सगळा खेळ डाय किती तापली आहे त्याचा. थंड असली तर मेटल वाटेतच थिजतं, फार तापली तर आत पोकळी राहते. तापमान मोजायचा पायरोमीटर एकच होता, तो मॅनेजरच्या कपाटात कुलपाआड. हिराजी पाण्याच्या मगात बोट बुडवायचे, डायच्या खांद्यावरच्या खळगीत एक थेंब सोडायचे आणि तो नाहीसा होईपर्यंत ओठांतल्या ओठांत मोजायचे. तो आकडा आणि त्या ओतणीतला भाग कसा निघाला, हे दोन्ही वहीत. रोज, प्रत्येक पाळीला, कित्येक वर्षं.

एकदा ते दोन दिवस जासईला बहिणीकडे गेले. मी त्यांच्याच चाळीत भाड्याने राहत होतो, वही कुठे असते ते मला माहीत होतं. त्या दोन दिवसांत मी ती सगळी उतरवून घेतली. विचारलं नाही. सहा महिन्यांनी नोकरी सोडली आणि त्या वहीच्या जोरावर गावाकडे पहिली भट्टी पेटवली.

तीन वर्षांपूर्वी ऐरोलीची स्नेहल साळवे माझ्याकडे आली. साच्यात मेटल कसं पसरतं, कुठून आधी थिजतं, पोकळी कुठे राहते, हे सगळं कॉम्प्युटरवर गणिताने आधीच दिसलं पाहिजे, असं तिचं संशोधन. त्यासाठी तिला खऱ्या कारखान्यातल्या जुन्या नोंदी हव्या होत्या. मी माझी उतरवलेली वही दिली, वर फाउंड्रीचा शिक्का मारून. आठ महिने तिचं गणित जुळेना. निम्म्या नोंदी चोख बसत, निम्म्या अगदी वेड्यासारख्या. मी फोनवर तिला दोनदा झापलं की तुझा कॉम्प्युटर चुकतोय, माझी वही नाही. शेवटी ती रडकुंडीला आली तेव्हा मी खरं सांगितलं, आणि तिला बोनकोड्याचा पत्ता दिला.

हिराजींनी तिला स्वयंपाकघरात नेलं, गॅसवर तवा ठेवला आणि पाच मिनिटांत दाखवलं. तवा थोडा तापला की थेंब बसतो आणि उकळत उकळत संपतो. आणखी तापला की चर्र करून क्षणात जातो. पण त्याहून खूप तापला की तो मरत नाही, नाचायला लागतो. आपल्याच वाफेवर तरंगतो आणि बराच वेळ टिकतो. म्हणजे वहीतला ‘पंधरा’ हा आकडा जेमतेम तापलेल्या डायचाही असू शकतो आणि सणसणून तापलेल्या डायचाही. कोणता कुठला, ते हिराजींच्या मूळ वहीत स्पष्ट होतं. आकड्याखाली टिंब म्हणजे थेंब बसला, आकड्यावर बारीक गोल म्हणजे नाचला. उतरवताना ती टिंबं आणि गोल मी पाहिले होते. मला वाटलं, पेन चालतंय का ते बघितलं असेल. मी फक्त आकडे उचलले.

मूळ वही हाती आल्यावर महिन्याभरात स्नेहलचं गणित जुळलं. एवढं सगळं पदरात घेऊन मी निघालो होतो. तिच्या प्रबंधातून हिराजींचं नाव गेलं आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

पावणे आणि बोनकोडे

वाशीला उतरलो आणि रिक्षावाल्याला सवयीने विचारलं, पावण्याचे किती घेणार. तो म्हणाला, “मीटरने जे होतील ते.” मी म्हटलं, तरी अंदाजे. तो म्हणाला, “काका, मीटर आहे ना.” आमच्याकडे रिक्षात बसण्याआधी पाच मिनिटं बोलणं होतं, त्यात ओळख निघते, गाव निघतं, मग दोघंही समाधानाने बसतात. इथे मी मुकाट्याने बसलो. भाव न करता कुठे जायचं म्हटलं की मला अपमान झाल्यासारखं वाटतं.

आमची ती फाउंड्री आता तिथे नाही. मला कल्पना होती, तरी गेलो. रस्त्याचं वळण तेच, मागे पारसिकच्या डोंगराची तीच खोदलेली बाजू, पण आमच्या पत्र्याच्या शेडच्या जागी खिडक्या नसलेली राखाडी इमारत. आतून सतत घुमल्यासारखा आवाज. गेटवरचा वॉचमन साताऱ्याचा निघाला.

“आत काय आहे हो?”

“कॉम्प्युटर. नुसते कॉम्प्युटर, मजल्यावर मजले. माणसं दहा-बारा असतील.”

“आणि हा आवाज?”

“एसी. लई गरम होतात म्हणे ते. थंड ठेवायलाच निम्मी वीज जाते.”

या जागेवर आम्ही अख्खी पाळी डाय गरम ठेवण्यासाठी मरत होतो. पावसाळ्यात खाडीवरून वारा सुटला की हिराजी गोणपाटं बांधायला लावायचे, डाय थंडावू नये म्हणून. दुपारी भोंगा झाला की आम्ही सगळे पाण्याच्या टाकीजवळ बसायचो. तिथे एक भेंडाचं झाड होतं, पिवळ्या फुलांचं. ते कुठे होतं याचा मी अंदाज घेत उभा राहिलो. वॉचमनला संशय आला असावा. “कोणाला भेटायचंय का काका?” म्हणाला. मी म्हटलं, नाही, भेटून झालं.

बोनकोडे मात्र सापडलं. आजूबाजूला कोपरखैरण्याचे सरळ सेक्टर, आणि मध्ये हे गाव अजून आपल्या वाकड्या गल्ल्या धरून बसलेलं. चाळीच्या जागी चार मजले झाले आहेत. तळमजल्यावर हिराजी, वर भाडेकरू. देवळापासून डावीकडे तिसरं दार. पाय आपोआप वळले.

हिराजी ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. छाती बसली आहे, हात मात्र तसेच, जाड आणि भाजल्याच्या पांढऱ्या डागांचे.

“आला का घाटी,” ते म्हणाले. “पोट बघ. भट्टीवर उभा ऱ्हातंस का न्हाय आता?”

“उभा राहतो की.”

“खोटा. भट्टीवाल्याचा पोट पुढं येत न्हाय, भाजतं.”

मी गुळाची ढेप पुढे केली. आमच्याकडून कुठे जायचं तर गूळ न्यायचा, ही पद्धत. हिराजींच्या बायकोने, आमच्या काकींनी, ती दोन्ही हातांनी उचलून बघितली. “एवरा गुल? ह्याला शुगर हाय. गनपतीपर्यंत पुरंल.”

“मी खानार,” हिराजी म्हणाले.

“खा आनि मर,” काकी म्हणाल्या आणि ढेप आत घेऊन गेल्या.

जेवायला निवट्या होत्या. खाडीच्या चिखलात उड्या मारणारा हा बोटाएवढा मासा मी सत्तावीस वर्षांत खाल्ला नव्हता. कांदा, कोकम, घरचा मसाला आणि तांदळाची भाकरी. आमच्याकडे पाहुण्याच्या ताटात रस्सा वाढत राहतात, तो नको म्हणेपर्यंत आणि म्हटल्यावरही. इथे काकींनी पातेलंच माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतः बाजूला बसून जासईच्या भाच्याचं सांगायला लागल्या: त्याच्या शेतासमोर कंटेनर रचलेत, सहा-सहा एकावर एक, सूर्य उशिरा दिसतो. मी पातेलं रिकामं केलं. चाळीत असताना पगार संपला की काकी असंच पातेलं ठेवायच्या, आणि बघत नसल्याचं नाटक करायच्या.

निघताना हिराजींनी विचारलं, “पोरीच्या परीक्षेला मी पन येऊ का? तिनं बोलावलाय. माजा नाव हाय बोलली पुस्तकात.”

“या ना,” मी म्हटलं. “तुम्हीच तर पाहिजे.”

ऐरोली

स्नेहलच्या सोसायटीच्या गेटवर मला वीस मिनिटं थांबवलं. फोनवर नंबर येणार, तो मी सांगायचा, मग गेट उघडणार. माझ्या फोनवर नंबर येईना. मी आवाज चढवला. वॉचमन शांतपणे म्हणाला, “सर, मी नाही अडवत, ॲप अडवतंय.” याच्याशी भांडायचं तरी कसं. शेवटी स्नेहलचे वडील खाली आले.

ते मूळचे जालन्याकडचे, सरकारी कचेरीत क्लार्क. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली पुस्तकांची रांग, आणि रांगेच्या शेवटी स्नेहलचा प्रबंध, काळ्या कव्हरचा, ताजा बांधलेला. वडिलांनी तो दोन्ही हातांनी काढून माझ्या हातात दिला. “आमच्या घरातली पहिली,” एवढंच म्हणाले.

इंग्रजी मला कामापुरतं येतं. मी चाळत गेलो. रंगीत चित्रं होती, डायच्या पोटात मेटल चढताना, लाल, पिवळं, निळं. माझ्याच पंपाचं कव्हर मी त्यात ओळखलं. आकड्यांचे तक्ते होते, आणि एका तक्त्यात प्रत्येक आकड्यापुढे एक चिन्ह, टिंब नाहीतर गोल. ती चिन्हं बघून मला इतका आनंद झाला की मी वडिलांना दाखवली. मग नाव शोधायला लागलो. तक्त्याखाली लिहिलं होतं, ‘स्रोत : औद्योगिक नोंदी’. आभाराच्या पानावर गाईड, संस्था, निधी देणारी कंपनी, आई-वडील, आणि माझी फाउंड्री. हिराजी कुठेच नाहीत.

“स्नेहल, हिराजींचं नाव?”

ती चहाचा कप धरून उभी होती. “पहिल्या ड्राफ्टमध्ये होतं काका. तक्त्याखाली, पूर्ण नाव. सरांनी काढलं.”

“का?”

“म्हणाले, प्रबंधात असं चालत नाही.”

“आणि तू काढू दिलंस.”

वडील म्हणाले, “जाधवसाहेब, परवा परीक्षा आहे तिची.”

“ते मला कळतंय. पण तिकडे एक माणूस इस्त्रीचा शर्ट कपाटातून काढून बसलाय, नाव आहे म्हणून.”

स्नेहलने कप खाली ठेवला. “काका, सरांची सही नसेल तर सहा वर्षं पाण्यात जातात. मी तीनदा विचारलं त्यांना. चौथ्यांदा विचारायची माझी हिंमत नाही झाली. तुम्ही बोलता का?”

भाव करायला मला आजवर कुणी विनंती केली नव्हती. मी म्हटलं, बोलतो.

संस्थेत

गाईडसाहेब माझ्याच वयाचे, उंच, सौम्य बोलणारे. खोलीत पुस्तकं कमी आणि ट्रॉफ्या जास्त. चहा मागवला, खुर्ची दिली. मला अशी माणसं अवघड जातात. ओरडणाऱ्याशी मी बरोबर बोलतो.

“जाधवसाहेब, तुमच्या भावना मला समजतात,” ते म्हणाले. “पण संदर्भ छापलेल्या गोष्टीचा देता येतो. कुणाच्या घरातल्या वहीचा नाही. आणि नाचणारा थेंब हा काही त्यांचा शोध नाही. विज्ञानाला तो केव्हापासून ठाऊक आहे.”

“थेंब नाचतो हे ठाऊक आहे,” मी म्हटलं. “या तक्त्यातला कुठला थेंब नाचला होता, ते ठाऊक होतं का विज्ञानाला? आठ महिने पोरगी अडकली होती तेव्हा सांगायचं होतं.”

ते हसले. माणूस हसला की भाव सुरू झाला असं मी धरतो. मी वरून सुरुवात केली: तक्त्याखाली नाव, त्या प्रकरणात एक परिच्छेद, आणि पुढे जो लेख छापणार त्यातही नाव. ते म्हणाले, आभारात ‘अनुभवी कामगारांचे’ असं घालू. मी म्हटलं, कामगारांना नाव असतं. ते म्हणाले, लेखाचं विसरा. मी म्हटलं, विसरलो, तक्त्याखाली द्या. ते जरा वेळ पेनाशी खेळले.

“खरं सांगू का? कंपनीशी करार आहे. ही पद्धत ते त्यांच्या कारखान्यांत लावणार आहेत. तक्त्याखाली बाहेरच्या माणसाचं नाव आलं की त्यांचे वकील विचारणार, हा कोण, याचा हक्क किती. उद्या त्यांच्या घरच्या कुणी हक्क सांगितला तर?”

“म्हणजे त्यांचं आहे म्हणून नाव काढलं.”

“मी असं म्हटलं नाही.” मग ते पुढे झुकले. “आभाराच्या पानावर नाव देतो. शेवटची प्रत ग्रंथालयात जाण्याआधी दुरुस्त्या होतातच, त्यात घालू. ‘श्री. जाधव यांच्या फाउंड्रीतील श्री. हिराजी मढवी’. म्हणजे नोंदी तुमच्या, माणूस तुमचा, कुणाला प्रश्न नाही.”

हातात येणारा सौदा मी ओळखतो. तिथे हो म्हणून उठायला हवं होतं. नाव छापलं गेलं असतं, हिराजींना पान दाखवता आलं असतं. पण ‘माणूस तुमचा’ हे शब्द माझ्या डोक्यात गेले. मी टेबलावर हात आपटला, चहा त्यांच्या कागदांवर सांडला. म्हटलं, हिराजी माझ्या फाउंड्रीत एक दिवस नव्हते, मी त्यांच्या हाताखाली होतो, झाडू मारण्यापासून. तुम्ही चोरलेल्या मालावर माझा शिक्का मारून विकताय.

ते कागद पुसत राहिले. आवाज चढवला नाही. “शिक्का तुम्हीच मारलात, जाधवसाहेब. वही तुमच्याकडून आली, तुमच्या शिक्क्याची. ती दुसऱ्याची आहे हे तुम्ही किती दिवसांनी सांगितलंत? मी निदान एका पानावर नाव द्यायला तयार होतो. आता तेही राहू द्या.”

बाहेर कॉरिडॉरमध्ये स्नेहल उभी होती. तिला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं.

आयुष्यात मी खूप सौदे रागापायी घालवले आहेत. त्यांचं मला फार वाईट वाटत नाही. तो माल माझा होता. हा नव्हता.

तिथून थेट बोनकोड्याला गेलो. बॅगेत माझी उतरवलेली वही होती, स्नेहलने परत केलेली. ती हिराजींच्या पुढ्यात ठेवली आणि जासईच्या त्या दोन दिवसांपासून सगळं सांगितलं. काकी ओट्यावर सुका जवळा निवडत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

हिराजींनी वही उघडली, दोन पानं लांबून बघितली.

“उतरवलीस ती मना तवाच कलला होता,” ते म्हणाले. “पानांना ग्रीस लागला होता. माजा हात पुसल्याबिगर मी वहीला लावत न्हाय.”

“मग बोलला नाही कधी?”

“बोललू असतू तर तू गेला असतास. तवा भट्टीवर पालीला मानूस न्हवता.” त्यांनी बोट आकड्यांवरून फिरवलं. “आनि ही बघ. टिंबा न्हाय, गोल न्हाय. अशी वही घेऊन भट्टी लावलीस?”

“पहिल्या वर्षी निम्मा माल मोडीत गेला. मला वाटलं कोल्हापूरचं पाणी वेगळं.”

हिराजी हसायला लागले, इतके की खोकला आला. काकींनी पाणी दिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बरा झाला.”

मग मी नावाचं सांगितलं. ते हसायचे थांबले. वही मिटून बाजूला ठेवली.

“पोरीचा काय होल? तिची परीक्षा?”

“तिची होईल.”

“मंग तिला काय बोलू नको. तिचा घर हाय पुढं.” मग म्हणाले, “पन माजा शर्ट काकीनं इस्त्री केलाय. येतू मी.”

परीक्षेचा दिवस

हॉल गार होता. हिराजी तिसऱ्या रांगेत माझ्याशेजारी, खांद्यावरचा टॉवेल शालीसारखा गुंडाळून. अशी परीक्षा बघायला कुणीही येऊ शकतं; समोर विद्यार्थी उभा राहून सांगतो, बाहेरून आलेले परीक्षक विचारतात. आमच्याकडे कुस्तीच्या मैदानात जोड लागते तेव्हा लोक जसे गप्प होतात, तसे सगळे गप्प होते.

स्नेहल चांगली बोलली. पडद्यावर लाल मेटल निळ्या डायमध्ये चढायला लागलं तेव्हा हिराजी पुढे सरकले. “अगदी तसाच,” ते पुटपुटले. “बघ, कोपऱ्यात आधी थिजतं. आतला कदी दिसला न्हवता मना. चालीस वर्षं नुसता वलखत होतू.” त्यांचे डोळे पडद्यावरून हलत नव्हते. तो भाग संपला तेव्हा त्यांनी हात असा उचलला, जणू पुन्हा दाखव म्हणणार होते.

मग तो तक्ता आला. परीक्षक बाई वयस्क होत्या, चष्मा कपाळावर. त्यांनी इंग्रजीत विचारलं, ही टिंबं आणि गोल फार महत्त्वाचे आहेत, सगळं यावर उभं आहे, हे कुठून आले?

स्नेहलने गाईडकडे बघितलं. मग तिसऱ्या रांगेकडे. तिचं तोंड उघडलं होतं. गाईडसाहेब बसल्या जागेवरून म्हणाले, “औद्योगिक प्रथा आहे, मॅडम. कारखान्यांत प्रचलित आहे.” बाईंनी मान हलवली आणि पान उलटलं. स्नेहल पुढच्या चित्राकडे वळली.

मी उठणार होतो. हिराजींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. तो हात अजून जड आहे.

“काय विचारला बाईनं?” ते कानाशी म्हणाले.

“हे टिंब-गोल कुठून आले ते.”

“मंग काय सांगितला?”

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. “तुमचं नाव सांगितलं.”

“खोटा बोलतंस,” ते हळूच म्हणाले. “इंग्लिशमदी पन माजा नाव हिराजीच आसंल ना.”

टाळ्या झाल्या. स्नेहल डॉक्टर झाली. पेढे आले, गाईडसाहेबांना शाल-श्रीफळ, फोटो. फोटोत निधी देणाऱ्या कंपनीचे दोघे होते, मलाही ओढलं. मीही बाजूला सरकलो नाही. स्नेहल गर्दीतून आली आणि हिराजींच्या पायांशी वाकली ती उठेचना. त्यांनी तिला खांद्याला धरून उभी केली.

“डॉक्टर झालीस. आता माजी शुगर बघ.”

ती रडता रडता हसली. म्हणाली, “आजोबा, मी नाव सांगायला हवं होतं.”

“त्ये बाईनं तुलाच विचारला होता,” हिराजी म्हणाले. रागाने नाही. पेढा अर्धा तोडून तिला दिला, अर्धा खिशात ठेवला, काकींसाठी.

मी त्यांना रिक्षाने घरी सोडलं. बोनकोड्याच्या कमानीशी उतरताना त्यांनी विचारलं, की ते आतलं चित्र घरी बघता येईल का, टीव्हीवर. मी स्नेहलला सांगून ते मागवलं आहे. तिने पाठवलं, आणि सोबत लिहिलं की शेवटच्या प्रतीत तक्त्याखाली तिने नाव पुन्हा घातलं आहे आणि ती प्रत सहीसाठी गाईडसाहेबांच्या टेबलावर आहे.

मी घरी आल्याला दोन आठवडे झाले. माझ्या फाउंड्रीत भिंतीवर डाय तापवण्याचं एक कोष्टक लावलेलं होतं, माझ्या नावाने. ते काढून हिराजींच्या नावाने रंगवून घेतलं, टिंबांसकट, गोलांसकट. कामगारांना कारण सांगितलं. माझ्याकडून जेवढं होतं तेवढं झालं.

सही अजून झालेली नाही. स्नेहल विचारते तेव्हा ‘बघतो’ असं उत्तर मिळतं. तर गाईडसाहेब, सौदा मी मोडला, मान्य. चहा सांडला, त्याबद्दल माफी मागतो, लेखी हवी तर लेखी. पण ती प्रत तुमच्या टेबलावर आहे आणि पेन तुमच्या हातात आहे. त्या वहीत ती टिंबं कुणी घातली, हे तुम्हाला माहीत आहे. परीक्षक बाईंनी विचारलं तेव्हा तुम्ही खोटं का सांगितलंत? मला उत्तर नको. बोनकोड्याला देवळापासून डावीकडे तिसरं दार. हिराजी सकाळी ओट्यावर असतात. तिथे जा, त्यांच्यासमोर बसा, आणि त्यांना सांगा.